घरी बांधलेले विमान आणि विजेचे जोड

(माधव नगर, उज्जैन येथे मराठी भाषिक ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



महाराष्ट्रातून माळव्यात आलेल्या माणसास माधव नगरात परकेपणा वाटत नाही. आजचा विषय मात्र काहींना परका वाटेल. स्वतः विमान बांधू इच्छिणाऱ्याने त्यातील विजेच्या तारांचे जोड कसे निवडावेत, असा तो विषय आहे. मी कलाशाखेचा पदवीधर आहे, यंत्रज्ञ नव्हे. परंतु जे मला उमगले ते आपणांसही सहज उमगेल, या विश्वासाने मी बोलत आहे.

घरी कोणी विमान बांधतो काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात व्यवसायाने वैमानिक असलेल्या कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याचे भाग क्रेनने खाली उतरविण्यात आले आणि ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून त्याची नोंदणी २०१७ मध्ये व उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. असे विमान पाहणाऱ्याची दृष्टी पंखांवर आणि इंजिनावर खिळते. आत दडलेल्या तारांकडे व त्यांच्या जोडांकडे कोणाचे लक्ष जात नाही. आणि धोका नेमका तेथेच असतो.

घरात वीज २३० व्होल्टची असते. लहान विमानात बहुधा १२ किंवा २४ व्होल्टची बॅटरी असते. समजा, एखाद्या सैल जोडात ओहमच्या विसाव्या भागाइतका रोध उत्पन्न झाला व त्यातून २० अँपिअर प्रवाह गेला. तेथे एक व्होल्ट वाया जाईल व २० वॅट उष्णता निर्माण होईल. घरातील २३० व्होल्टमधून एक गेला तर कळतही नाही; बारातून एक गेला तर रेडिओ व उपकरणे कुरकुरू लागतात. शिवाय नखाएवढ्या जागी साठलेली ती उष्णता तारेचे आवरण वितळविते, जोड अधिक सैल होतो, आणि रोध पुन्हा वाढतो. असे हे दुष्टचक्र आहे.

एका सैल तारेने किती अनर्थ होतो, याचे उदाहरण ताजे आहे. २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरात ‘दाली’ या मालवाहू जहाजाची वीज गेली, ते पुलाच्या खांबावर आदळले, पूल कोसळला आणि पुलावर काम करणारे सहा कामगार मृत्युमुखी पडले. तारेवरील नावाच्या पट्टीमुळे तार जोडपट्टीत पूर्ण आत बसली नव्हती, असे तेथील वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२५ मध्ये जाहीर केले. हे जहाज पाण्यावर होते. विमानास तर वाटेत थांबून दुरुस्ती करण्याची सोयच नाही.

आता निवडीकडे वळू. पहिली गोष्ट, तार अनेक बारीक तंतूंची, कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची व विमानासाठी मान्य आवरणाची असावी. दुसरी, लग तारेच्या मापाचाच घ्यावा. विमानकामात लगांच्या आवरणाचा रंग माप सांगतो: लाल बारीक तारेस, निळा १६ ते १४ गेजला, पिवळा १२ ते १० गेजला. तिसरी, स्क्रूखाली बसणारा लग गोल डोळ्याचा असावा. दोन शिंगांचा लग नट सैल होताच निसटतो. गोल डोळ्याचा निसटत नाही. एका स्क्रूवर चारांपेक्षा अधिक लग चढवू नयेत.

चौथी गोष्ट, लग दाबून बसविण्यासाठी त्याच बनावटीस योग्य अशी पक्कड वापरावी. साध्या पकडीने चेपलेला लग वरून ठाकठीक दिसतो, पण आत पोकळ राहतो. केवळ सोल्डरवरही विसंबू नये. सोल्डर तंतूंत झिरपून तार कडक होते आणि कंपनाने तेथेच तुटते. म्हणून प्रत्येक जोडाजवळ तारेस आधार द्यावा. पाचवी, एकाच कामासाठी दोन स्वतंत्र मंडले ठेवली असतील, तर ती एकाच जोडातून नेऊ नयेत. अन्यथा तो जोड निखळताच दोन्ही एकदम बंद पडतील.

बाजारात पितळेच्या नावाखाली मुलामा दिलेले लोखंडही मिळते. चुंबक लावून पाहावे. चिकटले तर परत करावे. नमुन्याचा एक जोड करून ताणकाट्याने ओढून पाहावा. १८ गेजच्या तांब्याच्या तारेवरील जोडाने सुमारे १७ किलो ताण सोसला पाहिजे. शिक्षक बंधूंनी हा प्रयोग शाळेत अवश्य करून दाखवावा.

आपणांपैकी विमान बांधणारे थोडेच असतील, पण जोड प्रत्येकाच्या घरी आहेत. माझ्या गावी आमच्या विहिरीवरील पंपाच्या तारा पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. एका पावसाळी रात्री ती जागा पेटली. माझे वडील विजेचा खटका बंद करण्यास धावले, म्हणून अनर्थ टळला. दोष आमचाच होता. दहा रुपयांचा जोड आम्ही वाचविला होता.

२०२८ मध्ये या नगरीत सिंहस्थ भरणार आहे. मांडवोमांडवी तात्पुरत्या तारा जातील, आणि त्यांखाली लाखो भाविक बसतील. अधिकारी बंधूंनी दिव्यांची संख्या मोजावी, तसे जोडही तपासावेत. दिवे लागल्यावर तासाभराने वीज बंद करून जोडाजवळ हात न्यावा. ऊब लागली तर तो जोड बदलावा.

विमान बांधणाऱ्याने परवानगीवाचून उडू नये आणि जोड तपासल्यावाचून परवानगी मागू नये. आपणही आज घरी गेल्यावर निदान एक जोड पाहावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद.