मेरेपलीकडचा विस्तव
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



शिमग्यास आपण कोकणात गावी जातो, तेव्हा काळवंडलेले डोंगर पाहून ‘वणवा लागला’ असे म्हणतो. परंतु वणवा बहुधा आपोआप लागत नाही. तो माणसाच्या हातून लागतो. याची कबुली प्रथम आम्हीच दिली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी चैत्रात आम्ही भाताच्या तरव्यासाठी राब भाजला, तोही भर दुपारी, वारा सुटलेला असताना. विस्तव मेर ओलांडून गेला आणि शेजारच्या वहिनींची काजूची कलमे होरपळली. कलम फळास येण्यास तीन-चार वर्षे लागतात. जळण्यास घटकाही लागली नाही. नुकसानीचे पैसे आम्ही दिले. पण डोक्यावरून घागरी वाहून त्यांनी ती झाडे जगविली होती, त्या श्रमांची भरपाई आम्हांस करता आली नाही.

आग चढावर विशेष वेगाने धावते; कारण ज्वाळांची धग वरचे गवत आधीच तापवून ठेवते. गवत जाळल्याने नवे पाते जोमाने फुटते, असे सांगतात. परंतु उघड्या पडलेल्या उतारावरील माती पावसाबरोबर ओढ्यात जाते, हे कोणी हिशेबात धरीत नाही.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ अन्वये राखीव वनास धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटविणे किंवा तो जळत सोडणे हा गुन्हा आहे. आवाजाचे फटाके रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उडविण्यास मनाई आहे. लग्नाची वरातही त्यास अपवाद नाही.

म्हणून आमची नम्र विनंती अशी की, राब सकाळी, वारा पडलेला असताना भाजावा. शेजाऱ्यास आधी कळवावे. भोवतालचा पातेरा झाडून मोकळा पट्टा ठेवावा. पाण्याच्या घागरी व ओले डहाळे हाताशी असावेत. राख थंड झाल्याखेरीज जागा सोडू नये. पावसाळा सरताच बागेभोवतीचे गवत कापून जाळरेषा राखावी. गवताच्या उडव्यांजवळ फटाके उडवू नयेत.

मुंबईकर बांधवांनी आपल्या पडीक जमिनींतील गवताचीही व्यवस्था लावावी. धनी दूर असला, तरी त्याच्या रानातून गेलेली आग शेजाऱ्याच्याच दारी पोहोचते.

एवढे नियम येत्या हंगामापासून प्रत्येक घराने पाळावेत, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.