गांजाचे व्यसन : पहिले पंधरा दिवस

(शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गांजाविषयी बोलू लागले की आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की साधुबैरागी चिलीम ओढतात, महाशिवरात्रीला भांग घोटली जाते, तेव्हा या वनस्पतीने कोणाचे काय बिघडणार? दुसरे मत असे की गांजाला हात लावलेला मुलगा वाया गेला, त्याच्या नावाने आंघोळ करून मोकळे व्हावे. ही दोन्ही मते उपचाराच्या आड येतात. पहिल्या मतामुळे व्यसनी माणूस डॉक्टरकडे जात नाही आणि दुसऱ्यामुळे त्याला नेणारा कोणी उरत नाही. या व्यसनाचा क्रम वैद्यकशास्त्राला आता बराच ठाऊक झाला आहे आणि त्यावर उपचारही आहेत. तेच आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

या विषयाची जुनी नोंद आपल्या गोमंतकातच सापडते. सन १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी भांगेवर एक स्वतंत्र संवाद लिहिला. भांग घेणाऱ्या चाकरांनी सांगितलेला अनुभव त्यांनी त्यात नोंदवला : श्रम जाणवत नाहीत, मन प्रसन्न होते आणि भूक लागते. भुकेची ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

पुढे ब्रिटिश हिंदुस्थानात सन १८९३-९४ मध्ये या प्रश्नावर एक आयोग नेमण्यात आला. त्याने ११९३ साक्षीदारांची मते घेतली. वेड्यांच्या इस्पितळांतील कागदपत्रे तपासता आयोगाला असे आढळले की वेडाचे कारण म्हणून जेथे ‘गांजा’ असे लिहिले होते, तेथे पुष्कळदा कोणी खरी चौकशीच केलेली नव्हती. रोगी आणणाऱ्या पोलिसाने रकाना भरला आणि तोच पुढे नकलला गेला. बेताचे सेवन सहसा अपाय करीत नाही, अतिसेवन मात्र अपायकारक ठरते, असा निष्कर्ष आयोगाने काढला. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांत ज्ञान पुष्कळ वाढले आहे. तरीही चौकशीवाचून शिक्का मारू नये, हा त्या अहवालाचा धडा आजही मोलाचा आहे.

गांजाची नशा ज्या द्रव्यामुळे येते ते टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल होय. सन १९६४ मध्ये इस्राएलमधील राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना सांगितली. हे द्रव्य मेंदूतील पेशींवरच्या विशिष्ट ग्राहकांना चिकटते. जणू कुलूप आणि किल्ली! परंतु निसर्गाने हे कुलूप गांजासाठी केलेले नाही. शरीर स्वतःच तशी किल्ली बनवीत असते. सन १९९२ मध्ये ती सापडली, तेव्हा संशोधकांनी संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून तिला ‘आनंदामाइड’ असे नाव दिले. भूक, झोप, स्मरण आणि मनाची स्वस्थता यांच्या नियमनात या व्यवस्थेचा वाटा आहे.

रोज गांजा ओढणाऱ्याच्या मेंदूत बाहेरून सतत किल्ल्या येत राहतात, म्हणून मेंदू कुलुपांची संख्या कमी करतो. सन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूच्या विशेष छायाचित्रणाने ही घट प्रत्यक्ष दिसून आली. त्याच अभ्यासात असेही दिसले की सुमारे चार आठवडे गांजा पूर्ण बंद ठेवल्यावर ही संख्या बहुतेक पूर्ववत होते. म्हणजे या बाबतीत मेंदू सावरतो. त्याला अवधी मात्र द्यावा लागतो.

हा अवधीच कठीण असतो. गांजा सोडल्यावर काही त्रास होत नाही, असा पूर्वी डॉक्टरांमध्येही समज होता. सन २००३ मध्ये अमेरिकेतील ॲलन बडनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोज गांजा ओढणाऱ्यांचे प्रथम पाच दिवस नेहमीच्या सवयीप्रमाणे आणि नंतर ४५ दिवस गांजा बंद ठेवून निरीक्षण केले. अशा अभ्यासांतून निष्पन्न झालेला क्रम असा : पहिल्या एक ते तीन दिवसांत चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश, भलतीसलती स्वप्ने आणि अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे सुरू होतात. पहिल्या आठवड्यात ती सर्वांत तीव्र असतात आणि दोन आठवड्यांत बहुतेक ओसरतात. झोप मात्र महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ विस्कळीत राहू शकते. ओर्तांच्या चाकरांना भांगेने भूक लागत असे; गांजा सोडणाऱ्याची भूक मरते, ती याच व्यवस्थेच्या उलट फेऱ्यामुळे. आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढला जात असल्याने तंबाखू सुटल्याचा त्रासही त्यात भर घालतो.

आता घराघरांत काय घडते ते पाहा. मुलगा आईला शब्द देतो आणि गांजा सोडतो. तिसऱ्या दिवशी तो ताट सारतो, भावावर ओरडतो, रात्रभर येरझाऱ्या घालतो. घरचे म्हणतात, ‘पाहा, याचे वळण गेले ते गेलेच.’ त्यालाही वाटते की गांजावाचून आपण असेच राहणार; आणि पाचव्या दिवशी चिलीम पुन्हा पेटते. वास्तविक तो त्रास सुटकेच्या वाटेवरचा होता. तो एरवी जिवावर बेतणारा नसतो आणि संपणारा असतो. एवढे जरी घरच्यांना आधी ठाऊक असते, तरी कितीतरी प्रयत्न अर्ध्यावर मोडले नसते.

उपचाराविषयीही आता प्रत्यक्ष पुरावा उपलब्ध आहे. सन २००४ मध्ये अमेरिकेतील तीन ठिकाणच्या ४५० प्रौढांवरील अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटाला समुपदेशनाच्या नऊ बैठका मिळाल्या, दुसऱ्याला दोन, तर तिसऱ्याला तूर्त थांबण्यास सांगितले गेले. चार महिन्यांनी पाहता गांजा पूर्ण सोडलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे शेकडा सुमारे २३, ९ आणि ४ होते. ज्यांनी पूर्ण सोडला नाही, त्यांच्यापैकीही पुष्कळांचे सेवन उतरले. या बैठकांत धाकदपटशा नव्हता. व्यसनाने आपले काय गेले हे त्या माणसाच्याच तोंडून वदवणे, ओढ कोणत्या वेळी व कोणाच्या संगतीत लागते ते ओळखणे आणि त्या वेळी दुसरे काय करावे याचा सराव करणे, एवढेच होते. हे व्यसन सोडविण्यासाठी म्हणून मान्यता मिळालेले औषध अद्याप नाही. तेव्हा ‘एका गोळीत गांजा सोडवू’ अशा जाहिरातींवर कोणी पैसा घालवू नये. नऊ बैठकांनंतरही चारांतील तिघे एका फेरीत पूर्ण सुटले नाहीत, हे लक्षात घेता दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाची तयारीही ठेवावी लागते.

शिक्षकांना एक विशेष सूचना. सन १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात ४५ हजारांहून अधिक तरुण सैनिकांची पंधरा वर्षे नोंद ठेवली गेली. अठराव्या वर्षापर्यंत पन्नासांहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत छिन्नमनस्कतेचे प्रमाण गांजा न घेतलेल्यांच्या सहापट आढळले. यातील सर्व दोष गांजाचाच असे म्हणता येत नाही आणि बहुसंख्यांना हा रोग होतही नाही. परंतु कोवळे वय, रोजचे सेवन आणि घराण्यात मनोविकार ही तिन्ही एकत्र आली की धोका वाढतो, हे नंतरच्या अभ्यासांतूनही दिसून आले आहे. मुलाला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, उगाच संशय येऊ लागला, तर देवऋषी न शोधता त्याला थेट मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे.

पंचायतीच्या मंडळींनी कायदाही समजून घ्यावा. सन १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस बाळगणे व सेवन करणे हा गुन्हा आहे. परंतु त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारी अथवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते.

सन २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ७२ लक्ष लोकांना या व्यसनासाठी साहाय्याची गरज होती. आपल्या गावातील अशा माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बांबोळी येथील मानसोपचार संस्थेत घेऊन जावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहेत. घरच्यांनी त्याला पंधरा दिवस जुन्या सोबत्यांपासून दूर ठेवावे, थोडे थोडे खाऊ घालावे, रात्री तो जागा राहिला तर रागे भरू नये. शिक्षकांनी त्याचे नाव पटावरून कमी करण्याची घाई करू नये. कोणी गांजा सोडतो म्हणाला, तर त्या दिवसापासून पंधरा दिवस मोजावेत आणि तेवढे दिवस गावाने त्याच्या पाठीशी उभे राहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.