चिमणराव अजून का हसवतो?

जुनी विनोदी मालिका अभिजात कशामुळे ठरते? १९७२ साली सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनवरची ‘चिमणराव’ आठवून पाहा. तिचा पाया भक्कम होता: चिं. वि. जोशी यांच्या कथा. बडोद्यात पाली शिकवणाऱ्या या लेखकाने मध्यमवर्गीय माणसाची फजिती मायेने टिपली. दिलीप प्रभावळकरांचा भित्रा, भाबडा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा दणकट गुंड्याभाऊ. एकाशिवाय दुसरा अपुरा. इथला विनोद स्वभावातून उमलतो, त्यासाठी कुणाचा पाणउतारा करावा लागत नाही. पोशाख बदलतात, घरं बदलतात. पण चारचौघांत अब्रू राखण्याची धडपड तीच राहते. ती नेमकी पकडणारी मालिका नातवंडांनाही आपलीच वाटते.