तरणतलावातील पाणबुडे



मलाजखंडच्या रहिवाशांना खोलीचे नवल सांगावयास नको. तांब्याच्या उघड्या खाणीची पायरीपायरीने उतरत जाणारी दरी येथे सर्वांच्या परिचयाची आहे. समुद्र मात्र शेकडो कोस दूर. त्यामुळे पाण्याखाली श्वास घेत संचार करण्याची स्कूबा नावाची विद्या किनाऱ्यावरील लोकांचीच, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तिचे पहिले धडे तरणतलावात गिरविले जातात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने मालवण तालुक्यात तारकर्ली येथे स्कूबा प्रशिक्षण संस्था उभारली, तेव्हा समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही शिक्षणासाठी खोल तलाव बांधण्यात आला.

१९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो व गान्यां यांनी सिद्ध केलेल्या उपकरणावर ही विद्या उभी आहे. पाठीवरील टाकीत निव्वळ प्राणवायू असतो असे पुष्कळांना वाटते. पण तेथे सामान्यतः साधी हवाच दाबून भरलेली असते. तोंडातील रेग्युलेटर ती भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी करून देतो. नवशिक्याचा पहिला नियम एकच : श्वास कधीही कोंडू नये. पोहणाऱ्याची जन्माची सवय याच्या नेमकी उलट असते, आणि खरी अडचण तेथेच आहे. पाच मीटर खोलीवर छाती भरून घेतलेली हवा वर येताना दीडपट होऊ पाहते. ती बाहेर सोडली नाही तर फुफ्फुस फाटू शकते. तलाव उथळ म्हणून धोका नाही, हा समज घातक आहे. मुखवट्यात शिरलेले पाणी नाकाने हवा फुंकून काढणे, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर शोधून पुन्हा धरणे, ही कामे न घाबरता होईपर्यंत शिक्षक पुढचा पाठ देत नाहीत.

याच कौशल्यांच्या स्पर्धाही होतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्पेनमध्ये हा खेळ आकारास आला आणि मुख्यत्वे युरोपात रुजला. तीनशे मीटरचे अंतर, अडथळ्यांची शर्यत, सहा किलो वजन हवेच्या पिशवीने वर आणणे असे त्याचे प्रकार आहेत. निव्वळ वेगाचे येथे फारसे चालत नाही. धांदल करणाऱ्याची हवा लवकर संपते.

गावच्या तळ्यात कोणी बुडाले की धाडसी तरुण दम कोंडून उडी घेतात. त्यांच्या धैर्याविषयी आदरच आहे. तथापि तलावातील चार धडे घेतलेल्यानेही पाणी साचलेल्या खाणीत टाकी बांधून उतरू नये. तेथे गढूळपणामुळे हातभर अंतरावरचे दिसत नाही, आणि झाडोरा वा तारा पायात अडकतात. अशा वेळी काठावरून दोर, बांबू अथवा फुगवलेली ट्यूब टाकावी, ११२ क्रमांकावर कळवावे आणि माणूस नेमका कोठे दिसेनासा झाला ती जागा काठावरील दोन खुणांनी ध्यानात ठेवावी. मदतीस येणाऱ्या पाणबुड्याला प्रथम तीच विचारावी लागते.