अंबाडीचा वाख आणि यंत्राची झीज



वऱ्हाडांत अंबाडी कोणास ठाऊक नाहीं? कपाशीच्या शेतांतून तिच्या ओळी असत. पाल्याची भाजी होई आणि भिजविलेल्या काड्यांवरून सोललेल्या वाखाचे दोर वळले जात. नायलॉनचा दोर आला आणि वाखाचें हें काम बहुतेक संपलें. त्यास दुसरें काम मिळेल काय, हा आजचा प्रश्न आहे.

कृत्रिम राळेंत धागे बसवून केलेल्या पदार्थास संमिश्र पदार्थ म्हणतात. १९०७ सालीं लिओ बेकलंड यांनीं बेकेलाइट ही राळ सिद्ध केली. पुढें तशा राळेंत सुती कापडाचे थर दाबून यंत्रांचीं दांतेरी चाकें बनूं लागलीं. तीं लोखंडी चाकांहून कमी आवाज करीत. सुतास जें साधलें तें वाखास कां साधूं नये?

अडचण आहे ती सांध्याची. वाखाच्या अंगावर मेण, पेक्टिन, लिग्निन यांचा लेप असतो. शिवाय वाख पाणी शोषणारा, तर राळ पाण्यास दूर ठेवणारी. त्यामुळें दोहोंची पकड घट्ट होत नाहीं. घर्षण सुरू झालें कीं धागा उपटला जातो, तेथें खळगा पडतो आणि झीज वाढत जाते. विटा कितीहि पक्क्या असल्या तरी चुन्यानें धरलें नाहीं तर भिंत टिकत नाहीं, तसेंच हें.

उपाय जुनाच आहे. सुतावर दाहक सोड्याची क्रिया करण्याचें पेटंट जॉन मर्सर यांनीं १८५० सालीं घेतलें. वाख शेंकडा ५ च्या सुमाराच्या सौम्य द्रावणांत भिजवून स्वच्छ धुतला म्हणजे लेप बराचसा निघतो, पृष्ठभाग खरबरीत होतो व राळ त्यास धरून बसते. फिरत्या पोलादी तबकडीवर संमिश्राचा तुकडा दाबून धरावयाचा आणि त्याचें वजन किती घटलें तें पाहावयाचें, ही झिजेची परीक्षा. तींत असा संस्कारित वाख सहसा सरस ठरतो. मात्र द्रावण तीव्र झालें तर धाग्यांतील मूळ सेल्युलोजच दुबळें होतें. धुण्याचें पाणीहि शेतांत सोडूं नये. सोड्यानें आपली काळी जमीन बिघडते.

अकोल्यास १९६९ पासून कृषि विद्यापीठ आहे, अमरावतीस १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पीक जाणणारे तेथें, यंत्र जाणणारे येथें. एकसारखा वाख, मोजून केलेला संस्कार आणि आधीं ठरलेला भाव, हीं तीन जुळलीं तरच शेतकरी वाखासाठीं पुन्हां अंबाडीची ओळ पेरील. नुसत्या स्तुतीनें पेरणार नाहीं.