वाळू अडवली, पाण्याचे काय?
(संस्थेच्या पालक मेळाव्यातील भाषण)



वाळवंट वाढू नये म्हणून काय करावे, या प्रश्नाला 'झाडे लावावीत' असे उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मी भूगोलाच्या पेपरात वर्षानुवर्षे पूर्ण गुण दिले. आज हिशेब केला तर त्यातले निम्मे परत घ्यावे लागतील. ते का, हे सांगण्यासाठी मी आपल्याला चीनच्या कान्सू प्रांतातील मिनचिन या काउंटीत घेऊन जाणार आहे.

काउंटी म्हणजे कारभाराच्या दृष्टीने आपल्या तालुक्यासारखी, पण विस्ताराने हिला जिल्हाच म्हटले पाहिजे. क्षेत्रफळ सुमारे १६ हजार चौरस किलोमीटर. एका अंगाला बदाइन जारन वाळवंट, दुसऱ्या अंगाला तेंगर. मधोमध शीयांग नदीच्या पाण्यावर जगणारी हिरवळीची चिंचोळी पट्टी, एवढेच गाव-शिवार. वर्षाचा पाऊस जेमतेम ११० मिलिमीटर आणि बाष्पीभवन २,६०० मिलिमीटरच्या वर! म्हणजे आभाळ जेवढे देते त्याच्या वीसपटीहून अधिक मागून घेते. 'मिनचिन' या नावाचा अर्थ 'कष्टाळू लोक'. नाव उगाच पडलेले नाही.

५ मे १९९३ रोजी वायव्य चीनमध्ये भरदिवसा काळोख झाला. वाळूचे प्रचंड वादळ आले. मिनचिन त्याच्या वाटेवरच होते. त्या वादळात एकूण ८५ माणसे दगावली आणि त्यांत शाळेतून घराकडे निघालेली मुलेही होती. आपण सारे पालक आहोत, यावर मी अधिक बोलत नाही.

या वाळूशी तेथील लोक फार पूर्वीपासून झगडत आले आहेत. १९५९ मध्ये तेथे वाळू-नियंत्रणाचे प्रयोगकेंद्र निघाले. त्यांची एक युक्ती विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी, कारण तिला यंत्र लागत नाही. वाळूच्या टेकाडावर सुमारे एक मीटर लांबी-रुंदीच्या चौकटी आखतात. रेघेवर गव्हाचे काड आडवे अंथरायचे आणि बोथट फावड्याने मधोमध दाबायचे. काड दुमडून वाळूत रुतते आणि दोन्ही टोके वीतभर वर उभी राहतात. टेकाडावर जणू बुद्धिबळाचा पट मांडला जातो. जमिनीलगतचा वारा या काडांत अडकून मंदावतो आणि वाळूचा कण उडेनासा होतो. काड चार-पाच वर्षांत कुजते. तेवढ्या अवधीत चौकटीत लावलेल्या साक्सौल नावाच्या झुडपाने मूळ धरले पाहिजे. जेथे काड मिळत नाही तेथे चिकणमातीचे बुटके बांध घालतात.

येथपर्यंत आमच्या पेपरातले उत्तर बरोबर. पण पन्नास-साठच्या दशकांत लोकांनी हौसेने वाढवलेल्या वाळू-बोरांच्या राया पुढे उभ्याच्या उभ्या वाळू लागल्या. कीड नव्हती, कुऱ्हाडही नव्हती. मुळांखालचे पाणी निघून गेले होते.

ते कोठे गेले? १९५८ मध्ये हुंगयाशान येथे मोठा जलाशय बांधला. वरच्या अंगाच्या तालुक्यांतही धरणे झाली, शेती वाढली. पन्नासच्या दशकात नदी मिनचिनला वर्षाला ५० कोटी घनमीटरहून अधिक पाणी देत असे. शतक संपताना ते १० कोटींच्या आसपास आले. नदीच्या शेपटाकडचे छिंगथू सरोवर १९५९ मध्येच आटले होते. कालवा कोरडा पडला की शेतकरी काय करणार? त्याने विहीर खणली, मोटर बसवली. शेजाऱ्याने त्याहून खोल खणली. असे करता करता काही विहिरी तीनशे मीटरपर्यंत गेल्या आणि सरोवराकाठच्या गावांत पाणी इतके खारट लागले की जनावरे तोंड लावीनात. आपल्याकडे बोअरवर बोअर मारणाऱ्यांना ही गोष्ट फार समजावून सांगावी लागणार नाही. २००४ च्या उन्हाळ्यात तो मोठा जलाशयसुद्धा तळ दाखवून मोकळा झाला. २००१ पासून दूरच्या पीत नदीचे पाणी उपसून आणले जात होते, तेही पुरले नाही.

२००७ च्या अखेरीस चीन सरकारने शीयांग खोऱ्याची योजना मंजूर केली आणि मग जे झाले ते झाडे लावण्याइतके गोड नव्हते. मिनचिनमधल्या तीन हजारांहून अधिक विहिरी बंद करण्यात आल्या. ओलिताची जमीन माणशी अडीच मू ठरली, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेसोळा गुंठे. राहिलेल्या विहिरींवर मीटर बसले. कार्ड घातल्याशिवाय मोटर चालत नाही आणि वाटणीचे पाणी संपले की ती थांबते. फार पाणी पिणारी पिके सोडून अनेकांनी हरितगृहे उभारली. ज्याची विहीर बुजली त्या कुटुंबाच्या चुलीचा विचार करा. पाण्याची उधळण वरच्या अंगालाही झाली होती, परंतु सर्वांत कडू घोट शेपटाकडच्याला प्यावा लागला. मला हे न्यायाचे वाटत नाही. मात्र विहिरी तशाच चालू ठेवून काय वाचले असते, तेही मला दिसत नाही.

२०१० पासून जलाशयातून सोडलेल्या पाण्याने छिंगथू सरोवरात पुन्हा पाणी दिसू लागले. त्या परिसरात भूजल सुमारे एक मीटर वर आले, बोरू उगवले, पक्षी उतरले. वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे फार सुंदर येतात. पण एवढ्या बाष्पीभवनाच्या मुलखात उघड्यावर पसरलेले प्रत्येक तळे कोणाच्या तरी शेताच्या वाटणीतून आलेले असते, हे छायाचित्रात दिसत नाही.

आता आपल्या संस्थेच्या जिव्हाळ्याची गोष्ट. मिनचिन शिक्षणासाठी नावाजलेले आहे. आईबाप पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवतात, मुले विद्यापीठांत जातात आणि बहुतेक परतत नाहीत. तेथे म्हणतातच, की जगभर मिनचिनची माणसे आहेत, मिनचिनमध्ये जगाचे कोणी नाही. तरीही शांघायमध्ये नोकरी करणारा तेथला एक तरुण गावी परतला. त्याने इंटरनेटवरून हाक देऊन स्वयंसेवक जमवले. अनोळखी शहरांतली मुले वसंतात येऊ लागली. ती खड्डा खणतात, साक्सौलचे रोप लावतात आणि प्रत्येक रोपाला बादलीतून मोजके पाणी घालतात.