घरातली शाळा आणि घरातले काम



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी जाणत्यांनी बोलावे आणि गावाने ऐकावे, अशी आपली रीत आहे. यंदा चालकांनी आम्हां युनियनवाल्यांना बोलावले आणि विषय दिला ‘मुलांचे घरच्या घरी शिक्षण’. बोनस किंवा टाळेबंदी यांवर बोला म्हटले असते, तर आम्ही हा कागदही हाती धरला नसता. शाळा आम्ही अर्ध्यावर सोडली. पुढचे शिकणे युनियनच्या कचेरीत झाले. कायद्याची पुस्तके, जुनी वर्तमानपत्रे आणि मालकाच्या वकिलाने घेतलेली उलटतपासणी हेच आमचे मास्तर. तेव्हा माणूस शाळेबाहेर शिकतो, हे आम्हांला कोणी पटवून देण्याची गरज नाही.

हल्ली पुण्यामुंबईकडे काही सुशिक्षित कुटुंबे मुलांना शाळेत घालतच नाहीत. आई किंवा बाप घरी थांबतो. मूल आपल्या कलाने वाचते, झाडे लावते, स्वयंपाकाला हात लावते, आणि पुढे मुक्त विद्यालयाची परीक्षा देते किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बोर्डाच्या दहावीला बसते. अमेरिकेत जॉन होल्ट या शिक्षकाने १९७७ साली या विचाराचे नियतकालिक काढले, आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत तेथील सर्व राज्यांत ही पद्धत कायदेशीर झाली. जर्मनीत मात्र मुलाला शाळेत धाडणे सक्तीचेच आहे. आपला २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेचा हक्क देतो. घरी शिकवणाऱ्यांविषयी तो स्पष्ट काही बोलत नाही. या कुटुंबांची टिंगल करणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. घोकंपट्टीला कंटाळून कोणी दुसरी वाट शोधत असेल, तर त्याने ती जरूर शोधावी.

पण ‘आमचे मूल शाळेत जात नाही, घरीच असते’ हेच वाक्य दोन गल्ल्या पलीकडे उच्चारले, की त्याचा अर्थ पार बदलतो. आजचे आमचे बोलणे त्या दोन गल्ल्यांमधल्या अंतराविषयी आहे.

अगदी लहान मुलांपासून सुरुवात करू. माँटेसरी हे नाव आज महागड्या फीच्या पाट्यांवर दिसते, म्हणून तो श्रीमंतांचा प्रकार वाटतो. त्याचा जन्म झाला तो रोममधल्या सॅन लोरेन्झो नावाच्या कामगारवस्तीत, १९०७ साली. आईबाप कामावर जात. मागे राहिलेली पोरे जिने, भिंती खराब करीत. म्हणून इमारतवाल्यांनी खाली एक खोली दिली आणि मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंनी तेथे ‘बालगृह’ मांडले. म्हणजे ही चाळीतलीच शाळा म्हणा ना! त्या शाळेत अक्षरांच्या जोडीला काय होते? हात धुणे, गुंड्या लावणे, टेबल पुसणे, पाणी न सांडता ओतणे. घरातलेच काम, पण मुलाच्या उंचीचे आणि त्याच्या गतीने चालणारे.

आपल्याकडे हे काम गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी उचलले. ताराबाईंना शहरातल्या बालमंदिरात समाधान वाटेना. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांच्या वस्तीत गेले. बालवाडी उघडली तरी मुले येईनात. आईबाप मजुरीला गेलेले, मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड, मुलगा गुरांमागे. दुसऱ्या कोणी आईबापांना अडाणी म्हणून हात झटकले असते. या बायकांनी शाळाच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुराखी पोरांसाठी कुरणशाळा काढली, आणि कडेवरच्या बाळासाठी पाळणाघर शाळेला जोडले, म्हणजे ताई वर्गात बसायला मोकळी! महाग साहित्याऐवजी शंख, बिया, पाने, खडे वापरले. शिक्षणावरची पुष्कळ भाषणे आम्ही ऐकली, पण ताईच्या कडेवरचे ओझे आधी उतरवले पाहिजे हे ज्यांना दिसले, त्यांच्याइतकी अक्कल आम्हांला फार थोड्या ठिकाणी आढळली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

घरातही हे सारे करता येते, आणि त्याला पदवी लागत नाही. डाळ निवडताना मुलाला शेजारी बसवावे. खडा वेगळा, दाणा वेगळा करताना त्याचे डोळे आणि बोटे तयार होतात. एका भांड्यात किती वाट्या पाणी मावते ते त्याने स्वतः मोजावे. पोळीचे चार भाग झाले की अपूर्णांक आलाच! आजीने गोष्ट मध्येच थांबवून ‘पुढे काय झाले असेल?’ असे विचारावे. सहा वर्षांच्या आत पाटी पुढ्यात आदळून अक्षरे गिरवून घेण्याची घाई आम्हांला पटत नाही. ती घाई बहुधा शेजारच्या मुलाकडे पाहून होते.

पण अशी डाळ निवडायला आईला वेळ हवा ना? येथे आम्ही आमच्या गल्लीत येतो.

विडीकामगार बाई तेंदूची पाने घरी आणते. पाने भिजवणे, फर्म्याने कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे, तोंड मुडपणे. आणि मजुरी हजारी. ठरलेला आकडा दिवसात भरायचा, त्यातून छाट निघाली तर ती मेहनत फुकट गेली. मग लहान बोटांची मदत होतेच. कोणी विचारले तर उत्तर मिळते, ‘घरीच आहे, काम शिकते आहे.’ तेथेही मूल घरात आहे, आईजवळ आहे आणि हाताने काहीतरी करीत आहे! मग या मुलीत आणि बागकाम करणाऱ्या त्या मुलात फरक काय?

आम्ही पुष्कळ घरांत बसून हा फरक पाहिला आहे. शिकणारे मूल कंटाळले की थांबू शकते. राबणारे थांबले तर संध्याकाळचा आकडा कमी भरतो. शिकणाऱ्याचे आजचे काम उद्या पुढे सरकते. सुतळीच्या गाठीवरून ते विणकामाला जाते, विणकामावरून नक्षीला. विड्यांची तोंडे मुडपणाऱ्या मुलीला पहिल्या आठवड्यात जे येत होते, तेच तिसऱ्या वर्षी येते. फक्त वेग वाढलेला असतो. आणि वेग म्हणजे शिक्षण नव्हे. तो दर हजारी मोजणाऱ्याच्या फायद्याचा.

कायद्याला हा फरक ओळखायला फार वर्षे लागली. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलाला गिरणीत बंदी केली, आणि सात ते बारा वयाच्या मुलासाठी दिवसाचे नऊ तास ठरवले. त्याच्या पुढच्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. नऊ तास गिरणीत घालवणारे मूल शाळेत कधी जाणार, हे उघड आहे. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात सक्ती करून दाखवली. एवढ्या खटपटीने जी शाळेची दारे उघडली, त्यांच्याविषयी ‘शाळेची गरजच काय?’ असे कोणी सहज बोलले की आमचा आवाज चढतो, त्याचे कारण हे आहे. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ साली सुधारला, तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलाला सर्वच धंद्यांत बंदी आली. पण शाळा सुटल्यावर किंवा सुटीत घरच्या धंद्याला हातभार लावण्याची मुभा ठेवली. घरच्या धंद्यात ‘हातभार’ कोठे संपतो, हे पाहायला रात्री नऊ वाजता कोणता निरीक्षक येणार?

गांधीजींच्या नई तालीमचा येथे उल्लेख केला पाहिजे. १९३७ च्या वर्धा परिषदेत हातोद्योगातून शिक्षणाचा विचार पुढे आला. विचार थोर, परंतु मुलांच्या सुताच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा, या भागावर त्या काळीच टीका झाली, आणि ती टीका आम्हांला रास्त वाटते. मुलाच्या हातची वस्तू बाजारात गेली, की मास्तरही मुकादम होऊ लागतो.

आणखी एक गोष्ट. घरी शिकवते कोण? बहुतेक ठिकाणी आई. तिचे श्रम कोणत्या हजेरीपटावर चढत नाहीत. तेच अंगणात करणाऱ्या अंगणवाडी सेविकेला सरकार वेतन म्हणत नाही, मानधन म्हणते. या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. तरीही आपल्या राज्यातल्या सेविकांना डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत संपावर राहावे लागले. मार्च २०२० मध्ये महामारीने शाळा बंद पडल्या, तेव्हा सगळ्यांचीच मुले घरी शिकली म्हणतात. ज्या घरात एकच फोन होता आणि तोही बापाबरोबर कामावर जाई, तेथे काय शिकली ते आम्ही सांगायला नको.

हाताचे कौशल्य मुलांना हवेच, पण ते जातीने आणि गल्लीने वाटलेले नको. विणकराच्या पोराला मागच, आणि वकिलाच्या पोराला पुस्तकच, ही वाटणी घराच्या चार भिंतींत अधिक पक्की होते. म्हणून आमच्या युनियनच्या कचेरीत रविवारी सकाळी दीड तास एक वर्ग चालतो. एक निवृत्त फिटर नळाचा वॉशर बदलायला शिकवतो. एक वायरमन होल्डर जोडायला. एक शिवणकाम करणाऱ्या बाई काजे करायला. घरी शिकणारी दोन मुले येतात, महानगरपालिकेच्या शाळेतली येतात, विड्यांच्या घरातल्या मुलीही येतात. आणि येताना बहीण कडेवर असली तर तिलाही आत घेतात, त्यासाठी एक सतरंजी घातलेली असते. तेथे तयार झालेली वस्तू विकायची नाही, एवढा एकच नियम भिंतीवर लिहिला आहे. सध्या पान्हे कमी पडतात आणि सुतारकाम शिकवणारे कोणी नाही. सभेत कोणी मिस्त्री असतील, तर त्यांनी व्याख्यानानंतर आम्हांला भेटावे.